मृगाच्या पावसातलं ऑर्किड आणि त्याचं शास्त्रीय नाव

नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेकडे, साग आणि बांबूच्या मिश्र जंगलात हे ऑर्किड मला दिसलं. ठिकाणाबद्दल यापेक्षा जास्त मी काही सांगणार नाही. नाव मात्र पूर्ण सांगणार आहे, कारण ते मिळवायला अख्खा पावसाळा गेला आणि त्या काळात एखाद्या झाडाला नाव कसं मिळतं हे मला पहिल्यांदा नीट समजलं.

ऑर्किड म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना पश्चिम घाट आठवतो, फार तर सिक्कीम-अरुणाचल. विदर्भाच्या पानगळीच्या जंगलात ऑर्किड असतात, हे सांगितलं तर नागपूरकरही आश्चर्याने बघतात. मोहाच्या किंवा ऐनाच्या खोडावर वाढणारी रास्ना, म्हणजे वँडा टेसेलाटा, काहींना माहीत असते, कारण तिला औषधी म्हणून ओरबाडलं जातं. पण जमिनीतून उगवणारी ऑर्किडं जवळजवळ कुणाच्या खिजगणतीत नसतात. वर्षातले सात-आठ महिने ती मातीखाली कंदाच्या रूपात झोपलेली असतात. आमच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, जमीन भाजून निघते तेव्हा वर काहीच नसतं, ना पान, ना खुंट.

मृग लागला, पहिला दमदार पाऊस झाला आणि पक्षी पाहणाऱ्या आमच्या गटाबरोबर मी जंगलात गेले. सोबत त्या बीटच्या वनरक्षक ताई होत्या. नाल्याच्या काठाला, बांबूच्या कुजक्या पानांतून एक वीतभर उंचीचा नुसता दांडा वर आला होता. पान एकही नाही. दांड्यावर हिरवट-पिवळसर, अर्धवट उघडलेली, मान खाली घातलेली सात-आठ फुलं. कोवळ्या उन्हात पाहिली नसती तर पाचोळ्यात मिसळून गेली असती. ताई वाकून बघत म्हणाल्या, "मॅडम, मी तर रोज इथूनच जाते जी, मला तर कधी दिसलं नाही हे." त्यात त्यांची नजर कमी पडली असं नाही. ही फुलं जेमतेम काही दिवस टिकतात आणि त्या दिवसांत मुसळधार पाऊस पडला तर तेवढीही टिकत नाहीत.

मी फोटो काढले. घरी येऊन झाडं ओळखणाऱ्या एका ॲपवर टाकले. त्याने एकामागून एक चार-पाच नावं सुचवली, त्यातली दोन तर वेगवेगळ्या वंशांची, म्हणजे जातींच्या वेगवेगळ्या गटांची. ॲपचा राग करण्यात अर्थ नाही. त्याला जे दाखवलं जातं त्यावरूनच ते बोलतं, आणि मी दाखवलेल्या फोटोंत फुलं बाहेरून छान दिसत होती, पण ऑर्किडची ओळख फुलाच्या आत असते.

हे मला सांगितलं आमच्या सरांनी. सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वय झालेलं, पण फोटो बघताच त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न थेट होता: "ओठाचा फोटो कुठाय?"

ऑर्किडच्या फुलात तीन निदलं आणि तीन पाकळ्या असतात. त्या तीन पाकळ्यांतली एक बाकीच्या दोघींपेक्षा वेगळी असते, तिला ओठ किंवा लिप म्हणतात. कीटक येऊन बसतो तो तिच्यावर. तिचा आकार, तिला किती खंड आहेत, आतल्या बाजूला केस आहेत की कंगोरे आहेत, बुडाशी शेपटीसारखी नळी म्हणजे शुंडिका आहे की नाही, यावर वंश आणि जाती ठरतात. ओठाच्या समोर पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र होऊन बनलेला स्तंभ असतो आणि त्याच्या टोकाला परागकण सुटे नसून पुंजक्यांत बांधलेले असतात. एक गंमत सरांनी दाखवली: कळी वाढताना फुलाचा देठ बहुतेक ऑर्किडांत अर्धा फेरा फिरतो, म्हणून जी पाकळी मुळात वर असायला हवी ती खाली येऊन ओठ बनते.

सरांनी यादी करून दिली. संपूर्ण झाडाचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. एका फुलाचा समोरून, बाजूने आणि मागून. दांड्यावरच्या लहान सहपत्रांचा. फुलं किती, त्यातली उमललेली किती. आजूबाजूची झाडं कोणती, माती कशी, सावली किती. आणि शेवटी ठामपणे: "उपटायचं नाही. एक फूल गळून पडलं असेल तर ते उचल, तेही ताईंना विचारून."

ही काळजी केवळ भावनेची नव्हती. राखीव जंगलातून वनोपज काढणं भारतीय वन अधिनियम, 1927 प्रमाणे गुन्हा आहे, आणि अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 लागू होतो. नमुना गोळा करायचा तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. राज्याच्या वन विभागाचं मुख्यालय नागपुरातच, वनभवनात आहे, त्यामुळे नागपूरच्या अभ्यासकाला त्यासाठी मुंबईची वारी करावी लागत नाही. पण आम्हाला झाड काढायचंच नव्हतं, म्हणून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना अर्ज देऊन ताईंच्या सोबतीने पुन्हा जाण्याची मुभा घेतली.

पुन्हा गेले तेव्हा वरची दोन-तीन फुलं उरली होती. दांड्याखाली पडलेलं एक फूल ताईंनी स्वतः उचलून दिलं. ते मी स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाकलं. ऑर्किडची फुलं दाबून वाळवली की चपटी होतात आणि ओठाची घडण हरवते, म्हणून एखादं फूल स्पिरिटमध्ये ठेवणं हा जुना आणि उत्तम मार्ग आहे.

त्या संध्याकाळी सरांच्या घरी, टेबललॅम्पखाली, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून आम्ही ते फूल उघडलं. सुईने एकेक पाकळी बाजूला करत सर बोलत होते आणि मी लिहून घेत होते. शुंडिका नाही. म्हणजे हॅबेनारिया नाही. आपल्या भागातल्या जमिनीवरच्या ऑर्किडांत हॅबेनारियाच्या जाती सर्वांत जास्त दिसतात, पण त्यांच्या ओठाला मागे नळी असते आणि फुलताना पानंही असतात. युलोफिया असेल का? युलोफियाच्या काही जाती अशाच निष्पर्ण दांड्यावर फुलतात. पण त्यांच्याही ओठाच्या बुडाशी बहुधा आखूड पिशवी किंवा शुंडिका असते आणि ओठावर ठळक कंगोरे असतात. इथे तसं नव्हतं. ओठ तीन खंडांचा, फिकट, हिरवट शिरांचा, आतून केसाळ. परागपुंज दोन, ठिसूळ. सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "नर्विलिया. आता पान पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही."

नर्विलिया हा वंश मला तेव्हा नावानेही माहीत नव्हता. त्याची तऱ्हाच निराळी आहे. मृगाच्या सुमारास कंदातून आधी फुलाचा दांडा येतो. फुलं गळतात, फळ धरलं तर दांडा आणखी लांब होतो, फळ लवकर पिकून फुटतं आणि बी उडून जातं. मग दांडा नाहीसा होतो. त्यानंतर त्याच कंदातून पान येतं, एका कंदाला एकच. फूल आणि पान एकमेकांना भेटतच नाहीत. म्हणून हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातल्या, कागदांवर एक तर नुसतं फूल सापडतं किंवा नुसतं पान. ज्याने जूनमध्ये गोळा केलं त्याला पान माहीत नाही, ज्याने ऑगस्टमध्ये गोळा केलं त्याला फूल माहीत नाही. या वंशाच्या नावांत गेली दोनशे वर्षं जो गोंधळ झाला त्याचं मोठं कारण हेच.

म्हणून आम्ही जागा खुणेने लक्षात ठेवली. रंग लावला नाही, चिंधी बांधली नाही, कारण खूण दुसऱ्यालाही दिसते. नाल्याचं वळण, एका धावड्याचं वाकडं खोड आणि तिथून किती पावलं, एवढं वहीत लिहिलं.

श्रावणात गेले तेव्हा जंगल ओळखू येत नव्हतं. नाला भरून वाहत होता, बांबूला नवे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, फुटले होते, पायाखाली तरोटा माजला होता. त्या खुणेच्या जागी जमिनीपासून वर, लांब देठावर, एकच गोल-हृदयाकृती पान उभं होतं. त्याला उभ्या चुण्या होत्या, हातपंख्याला असतात तशा, आणि देठाशी सुरू झालेल्या शिरा कडेपर्यंत पसरत गेल्या होत्या. थोड्या अंतरावर अशीच आणखी पानं होती. कंदापासून जमिनीखाली धावते फुटतात आणि त्यांच्या टोकाला नवे कंद धरतात, म्हणून नर्विलिया एकेकटी न दिसता अशा लहान वस्तीने दिसते. जूनमध्ये मला एकच दांडा दिसला होता. म्हणजे या वस्तीतले बहुतेक कंद त्या वर्षी फुललेच नव्हते.

मी गुडघ्यावर बसून फोटो काढत होते तेव्हा टेकोडे, म्हणजे रानातली अळंबी, शोधायला आलेल्या एक वयस्क मावशी थांबल्या. "काय पाहून राहिली वं बाई?"

"हे पान पाहून राहिली, मावशी. ओळखता का?"

"हाव. पावसात येते न दिवाळीपर्यंत सुकून जाते. इथं नाल्याले नेहमी असते."

"आणि याचं फूल?"

"याले फूल नाही येत."

मावशींचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. पान असताना त्याला फूल येत नाही, हे अगदी खरं. आयुष्यभर त्या जंगलात फिरलेल्या बाईने पान ओळखलं होतं आणि रोज गस्त घालणाऱ्या ताईंना पानही माहीत होतं, पण जूनमधला तो दांडा आणि हे पान एकाच कंदाचं, हे दोघींनाही मोबाइलवरचे फोटो शेजारी ठेवून दाखवल्यावर पटलं. मावशी बराच वेळ तो फुलाचा फोटो बघत राहिल्या.

आता जातीचा प्रश्न होता. महाराष्ट्रात नर्विलियाच्या मोजक्याच जाती आहेत. नर्विलिया प्लिकाटाचं पान जमिनीलगत पसरतं, मखमली असतं, आणि तिच्या दांड्यावर साधारण दोनच फुलं येतात. नर्विलिया क्रोसिफॉर्मिसला एकच फूल. 1932 मध्ये फादर ब्लॅटर आणि चार्ल्स मॅककॅन यांनी वर्णन केलेल्या नर्विलिया इनफंडिब्युलिफोलियाचं पान नरसाळ्याच्या आकाराचं. आमच्याकडे सात-आठ फुलांचा दांडा होता आणि लांब देठावर उभं असलेलं चुण्यांचं पान. सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं, पण सरांना कागद बघायचा होता.

शहरातल्या एका जुन्या महाविद्यालयाच्या हर्बेरियममध्ये आम्ही गेलो. लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, जाड कागदावर शिवलेली तपकिरी झालेली झाडं. उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: कुठे, कधी, कुणी गोळा केलं. सातपुड्यातून आणलेल्या एका पानाच्या कागदावर मूळ चिठ्ठीवर लिहिलं होतं पोगोनिया फ्लॅबेलिफॉर्मिस. त्याच्याखाली दुसऱ्या हाताने चिकटवलेली चिठ्ठी: नर्विलिया अरागोआना. झाड तेच, नावं दोन, आणि सर म्हणाले की आज तिसरं चिकटवावं लागेल.

या नावांचा प्रवास मला इतका आवडला की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ गोदिशो 1817 ते 1820 या काळात कप्तान फ्रेसिने यांच्या उरानी या जहाजावर होता. पॅसिफिकमधून परतताना 1820 मध्ये ते जहाज फॉकलंड बेटांपाशी फुटलं आणि त्याच्या संग्रहाचा मोठा भाग समुद्रात गेला. जे वाचलं त्यावर त्याने पुढे काम केलं, आणि 1829 मध्ये नर्विलिया हा वंश आणि नर्विलिया अरागोआना ही जाती प्रसिद्ध केली. इंग्रज मात्र भारतातल्या याच झाडाला पोगोनियात घालत राहिले. जॉन लिंडलीने त्याला पोगोनिया फ्लॅबेलिफॉर्मिस म्हटलं आणि हुकरच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिकोशात तेच नाव आलं. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. थिओडोर कूकने मुंबई इलाख्याच्या वनस्पती तपशिलाने लिहिल्या, पण आपण त्या इलाख्यात नव्हतो, त्यामुळे इकडच्या लोकांना हुकरवरच भागवावं लागायचं. आमच्या कागदावरच्या पहिल्या चिठ्ठीचा उगम तो.

पण गोदिशोच्याही आधी, 1825 मध्ये, जावा बेटावर काम करणाऱ्या कार्ल ब्लूमने हेच ऑर्किड कॉर्डिला कॉनकलर या नावाने प्रसिद्ध केलं होतं. कॉर्डिला हे वंशनाम त्याला वापरता येण्यासारखं नव्हतं, कारण 1790 मध्येच लोरेरोने ते शेंगावर्गातल्या एका झाडाला दिलं होतं, आणि एक वंशनाम दोन वेगळ्या वनस्पतींना चालत नाही. वंशनाम गेलं, पण जातीचं नाव, कॉनकलर, शाबूत राहिलं. 1911 मध्ये जर्मन ऑर्किडतज्ज्ञ रुडॉल्फ श्लेक्टरने ते नर्विलियात आणलं. पुढे अभ्यासकांनी ब्लूमचं आणि गोदिशोचं झाड एकच मानलं, तेव्हा जुनं नाव टिकतं या नियमाने 1825 चं कॉनकलर 1829 च्या अरागोआनाच्या पुढे गेलं. म्हणून आजचं पूर्ण नाव लिहितात ते असं: नर्विलिया कॉनकलर (ब्लूम) श्लेक्टर. कंसातला माणूस जातीला पहिलं नाव देणारा, कंसाबाहेरचा तिला आजच्या वंशात आणणारा. कंसाची ही पद्धत मला आधी नुसती सजावट वाटायची. आता त्या एका ओळीत मला जावा आणि बर्लिन दिसतं. श्लेक्टरचा स्वतःचा ऑर्किडसंग्रह 1943 मध्ये बर्लिनवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाला, हेही त्याच संध्याकाळी सरांनी सांगितलं आणि आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

शेवटची पायरी पुण्याची. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात काम केलेल्या एका अभ्यासकांना आम्ही फुलाचे, ओठाचे, पानाचे फोटो, मापं आणि नोंदी पाठवल्या. त्यांनी ओठाच्या आतल्या केसांचा आणखी जवळचा फोटो मागितला. स्पिरिटमधलं फूल होतं म्हणून तो देता आला. हिवाळ्यात त्यांचं उत्तर आलं: नर्विलिया कॉनकलर, शंका नाही.

आता दुर्मीळ या शब्दाबद्दल. ही जाती भारतापासून आग्नेय आशियामार्गे ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पसरलेली आहे. जगाच्या नकाशावर ती दुर्मीळ नाही. पण सागाच्या कोरड्या जंगलात तिला नाल्याकाठची ओल, सावली आणि न हललेला पाचोळा लागतो, आणि तशा जागा आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. तो एक नाला आटला किंवा बुजवला तर त्या भागापुरती ती संपली. याच्या उलटही घडतं. युलोफिया ऑब्ट्युसा या जमिनीवरच्या ऑर्किडची भारतातली शेवटची नोंद 1902 ची, पिलिभीतची होती. 118 वर्षांनी, 2020 मध्ये, उत्तर प्रदेशातल्या दुधवा व्याघ्र प्रकल्पात ते पुन्हा सापडलं. इतकी वर्षं ते गवतात होतं की नव्हतं, यापेक्षा मला वाटतं ते फुलत असताना ओळखणारं कुणी तिथून गेलं नव्हतं.

ठिकाण लपवण्याचं कारण असं की नाव कळलं की लोक झाड मागतात. मला आत्ताच दोघांनी कुंडीसाठी कंद मिळेल का विचारलं आहे. ऑर्किडच्या बीजात रोपाला पुरेल असं अन्नच नसतं. जमिनीतली विशिष्ट बुरशी त्याला अन्न पुरवते तेव्हाच ते रुजतं. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1899 मध्ये हे दाखवून दिलं. मोठ्या झाडाचं नातंही त्या मातीशी जुळलेलं असतं. कंद उचलून टेरेसवरच्या कुंडीत लावला तर तो बहुधा एखाद-दोन पावसाळ्यांत संपतो, आणि जंगलातली वस्ती तेवढ्याने कमी होते. सगळं ऑर्किडकुळच आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या कक्षेत आहे, त्यामागे लोकांचा हा हव्यासच आहे. म्हणून मी फोटो कुठेही टाकण्याआधी त्यातली जीपीएसची माहिती काढून टाकते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद केली तीही ठिकाण झाकण्याचा पर्याय निवडून, म्हणजे नकाशावर नेमका बिंदू न दिसता 0.2 अंशांचा चौकोन दिसतो. खरी जागा वन विभागाकडे लेखी दिली आहे, कारण नाल्यात काही बांधकाम काढायचं ठरलं तर त्यांना ती माहीत असायला हवी.

विदर्भात कुणाला मृगाच्या पावसानंतर असा निष्पर्ण दांडा दिसला, तर एवढं करा: मोजपट्टी शेजारी ठेवा, फुलाच्या तोंडातून आतला ओठ दिसेल असा एक फोटो काढा, बाजूने एक काढा म्हणजे शुंडिका आहे की नाही ते कळेल, फुलं मोजा, आणि जागा वहीत लिहून श्रावणात पुन्हा जा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या नाल्यांवर ही पानं ओळखणाऱ्या मावशी नक्की असतील. त्यांना आधी विचारा. पुढच्या जूनमध्ये आमच्या वस्तीत किती कंद फुलतात ते मोजायला वनरक्षक ताई आणि मी जाणार आहोत, आणि दुसऱ्या जिल्ह्यांतून असेच आकडे आले तर सर ते एकत्र लिहून काढायला तयार आहेत.